जैवविघटनशील बहुवारिके : औषधे व रोपणे

शरीरात ठेवल्यावर ठरावीक काळाने तुटून नाहीशी होणारी पॉलिमर म्हणजे जैवविघटनशील बहुवारिके. पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकॉलिक आम्ल आणि दोहोंच्या मिश्र साखळीचे पीएलजीए ही त्यांतली नेहमीची. ‘विरघळणारा टाका’ असे आपण म्हणतो खरे, पण चहात साखर विरघळते तसे हे नव्हे. पाणी साखळीतला एस्टर बंध तोडते. आधी ताकद जाते, वस्तुमान मागाहून, आणि उरलेली आम्ले चयापचयात जिरतात. तेव्हा या पदार्थांचे मोल ते नाहीसे होतात यात नसून केव्हा होतात यात आहे. नुसते नाहीसे तर जनावरांच्या आतड्यापासून केलेले कॅटगट हे टाक्याचे सूतही होई. मात्र ते विकरांनी पचते, आणि विकरांचे प्रमाण जखमेगणिक बदलते. पाण्याचे तसे नसते. १९७०च्या दशकातले डेक्सॉन आणि व्हिक्रिल हे टाके याच भरवशावर रुजले.

औषधांत हे वेळापत्रक अधिक बारकाईने आखता येते. लॅक्टिक आम्लाचा मिथिल गट पाण्याला दूर ठेवतो, म्हणून त्याचा वाटा वाढवला की विघटन लांबते. अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळालेले ल्युप्रॉन डेपो हे महिन्याचे इंजेक्शन पीएलजीएच्या सूक्ष्म गोलकांचे. त्याच औषधाच्या तीन महिन्यांच्या रूपात निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्ल असते. यावर रास्त आक्षेप असा, की गोळी बंद करता येते, टोचलेले गोलक परत काढता येत नाहीत. म्हणूनच रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधाचे असे इंजेक्शन देण्यापूर्वी तेच औषध तोंडाने देऊन सोसते का ते पाहतात. शिवाय पहिले तीन आठवडे गोलक फारसे औषध सोडत नाहीत, तोवर गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.

रोपणात वेळ चुकली तर काय होते, ते अ‍ॅब्सॉर्ब या हृदयवाहिनीतल्या जिरणाऱ्या स्टेंटने दाखवले. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. तीन वर्षांच्या चाचणीत त्यात गुठळी होण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, धातूच्या स्टेंटमध्ये ०.७. एवढ्यावरून कल्पनाच फसली असे म्हणणे घाईचे ठरेल. पॉलिमर धातूइतके बळकट नसल्याने त्याच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या, धातूच्या जवळजवळ दुप्पट. आणि त्या जिरायला तीनेक वर्षे लागत. दोष जिरण्याचा नव्हता, जाडीचा आणि मुदतीचा होता.

लॅक्टिक आम्ल साखर आंबवून मिळते, त्यामुळे उसाच्या पुणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली जेजुरीत जैवबहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तरी वेष्टनाचे पॉलिलॅक्टिक आम्ल आणि टाक्याचे, नाव एक असले तरी माल एक नव्हे: वैद्यकीय मालात उरलेले मोनोमर, उत्प्रेरकातले कथील आणि ओलावा फार काटेकोर मर्यादेत ठेवावे लागतात. ओलाव्याची अट तर कारखान्याबाहेरही सुटत नाही. टाका कोरड्या, बंद पाकिटात येतो. याच जिल्ह्यातल्या बेगडेवाडी ते लोणावळा पट्ट्यातल्या आषाढातल्या दमट हवेत ते पाकीट उघडे राहिले, तर विघटनाचे घड्याळ रोग्यापर्यंत पोचण्याआधीच चालू होते.