चिकाचा पहिला घोट

2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नवापुरात कोंबड्यांवर बर्ड फ्लूची साथ आली, ती आपणांस आठवत असेल. देशातली ती पहिलीच. सरकारी पथके आली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, गावोगाव चर्चा झाली. परंतु आठ दिवसांच्या वासराला हगवण लागते आणि तिसऱ्या सकाळी ते गोठ्यात मरून पडलेले आढळते, तेव्हा शेजारच्या पाड्यालासुद्धा त्याची खबर नसते. साथ दिसते, एकटे वासरू दिसत नाही.

पूर्वी गुरांची हगवण म्हटली की बुळकांडीच आठवे. ताप, तोंडात व्रण, मग पाण्यासारखी हगवण. कळपच्या कळप जात. बैल गेले की पेरणी गेली. जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारने 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा काढली आणि 1893 त ती दूर कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. पुढे 1954 पासून देशभर बुळकांडीची लस टोचण्याची मोहीम चालली. आपल्या देशात शेवटची लागण 1995 साली झाली आणि 2011 साली सारे जग बुळकांडीमुक्त ठरले. देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग!

वासरांची हगवण मात्र राहिली. तिचे विषाणू निराळे. त्यांतला एक 1969 साली अमेरिकेतील नेब्रास्का संस्थानात मेबस यांना वासरांच्या शेणात सापडला. सूक्ष्मदर्शकातून तो चाकासारखा दिसतो, म्हणून त्याच्या कुळाला रोटा हे नाव पडले. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. 1973 त मेलबर्नला रूथ बिशप यांना त्याच कुळाचा विषाणू आजारी बालकांच्या आतड्यात दिसला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बालकांसाठी जी रोटाची लस बनवली, तिचा पाया गाईगुरांतल्याच विषाणूचा आहे.

आता मुद्द्याचे. माणसाचे मूल पोटात असतानाच आईकडून रोगाशी लढण्याची थोडी शक्ती घेऊन येते. वासरू रिकाम्या हाताने येते. त्याची सारी शिदोरी चिकात. 1922 साली अमेरिकेत स्मिथ आणि लिटल यांनी काही वासरांना चीक दिलाच नाही. त्यांतली बहुतेक दगावली. शिवाय ही शक्ती वासराच्या आतड्यातून रक्तात शिरते ती पहिल्या काही तासांतच. दिवस उलटला की ते दार बंद.

आणि आपण काय करतो? जार पडेपर्यंत वासराला आईजवळ जाऊ देत नाही! अहो, वासरू प्यायल्याने जार अडत नाही, उलट पडायला मदतच होते. दोन तासांच्या आत पहिला घोट मिळावा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात दोन लिटर चीक लागतो; खरवस त्यानंतर उरेल त्याचा. (खरवस मलाही आवडतो, नाही असे नाही.) हगवण लागलीच तर वासरू मरते ते बहुधा अंगातले पाणी गेल्याने. म्हणून दूध न तोडता मीठ-साखरेचे पाणी वरचेवर पाजावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

माझे आजोळ शहाद्याकडचे. गाय व्यायली त्या रात्री आजी कंदील घेऊन जार पडण्याची वाट पाहत बसली होती. वासरू दाव्याला हंबरत होते. सकाळी आळीभर खरवस वाटला, मीही दोनदा मागून खाल्ला. नवव्या दिवशी वासरू गेले. कुणाची तरी दृष्ट लागली, असे आजी म्हणाली.