शोधयंत्र
आंतरजालावरील असंख्य पृष्ठांमधून, शोधकर्त्याने दिलेल्या शब्दांशी संबंधित अशी पृष्ठे निवडून ती विशिष्ट क्रमाने मांडणारी संगणकीय व्यवस्था. इंग्रजीतील ‘सर्च एंजिन’ या संज्ञेसाठी ‘शोधयंत्र’ हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. नावात ‘यंत्र’ असले, तरी अनेक संगणकांवर एकत्रितपणे चालणाऱ्या आज्ञावल्यांचा हा समूह होय. त्याची कार्ये मुख्यतः तीन असतात : दुव्यांचा मागोवा घेत पृष्ठे गोळा करणे, त्यांतील शब्दांची सूची करणे आणि सूचीतून निघालेल्या पृष्ठांचा क्रम ठरविणे. प्रश्न विचारला जातो त्या क्षणी शोधयंत्र जगभरच्या संगणकांत हिंडत नाही; ग्रंथाच्या अखेरीस दिलेल्या शब्दसूचीप्रमाणे आधीच सिद्ध केलेली स्वतःची सूची ते चाळते. परिणामी जे सूचीत नाही ते अस्तित्वात असूनही सापडत नाही आणि जे क्रमात फार खाली आहे ते सहसा वाचले जात नाही. शोधयंत्रांचा इतिहास हा प्रामुख्याने या दोन मर्यादांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : माहिती साठविणे सोपे, परंतु हवी तेव्हा शोधून काढणे अवघड, ही अडचण संगणकापूर्वीची आहे. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, वर्णानुक्रमाने लावलेल्या सूच्या मानवी विचारांच्या साहचर्याशी जुळत नाहीत, असे प्रतिपादन केले आणि ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राचे वर्णन केले. हे यंत्र प्रत्यक्षात कधी तयार झाले नाही. तथापि एका मजकुरावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याची कल्पना त्यातून पुढे आली. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५० नंतरच्या दोन दशकांत सूचिपद्धतींची प्रायोगिक तुलना केली. त्यांतून शोधाचे मूल्यमापन करण्याची दोन मापे स्थिरावली. हाती आलेल्या कागदपत्रांपैकी उपयुक्त किती, हे पहिले माप. तर उपयुक्त कागदपत्रांपैकी हाती किती आली, हे दुसरे. एक वाढविले की बहुधा दुसरे घटते, हा या प्रयोगांतून निघालेला धडा आजही लागू पडतो. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांनी ‘स्मार्ट’ ही शोधप्रणाली विकसित केली. केंब्रिज येथील कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये असे दाखवून दिले की, जो शब्द थोड्याच कागदपत्रांत आढळतो, त्याला शोधात अधिक वजन दिले पाहिजे.

आंतरजालावरील आरंभ : माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात ॲलन एमटाज यांनी १९९० मध्ये तयार केलेली ‘आर्ची’ ही आंतरजालावरील पहिली शोधयंत्रणा मानली जाते. तीत केवळ संचिकांची नावे शोधता येत. आतील मजकूर नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या यूरोपीय संशोधनसंस्थेत विकसित केलेले ‘वर्ल्ड वाइड वेब’ १९९१ मध्ये सार्वजनिक झाल्यावर पृष्ठांची संख्या वेगाने वाढू लागली. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘जंपस्टेशन’ मध्ये पृष्ठे गोळा करणे, सूची करणे आणि शोध घेणे या तिन्ही क्रिया प्रथमच एकत्र आल्या. पण सूची शीर्षके व मथळे यांपुरतीच होती. पृष्ठावरील सर्व शब्दांची सूची करणारे ‘वेबक्रॉलर’ हे शोधयंत्र ब्रायन पिंकर्टन यांनी १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात तयार केले. आपल्या स्थळाचा कोणता भाग शोधयंत्रांनी गोळा करू नये, हे सांगण्याचा संकेतही त्याच वर्षी मार्टाइन कोस्टर यांनी सुचविला.

याच सुमारास दोन भिन्न मार्ग दिसू लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘याहू’ने माणसांकरवी विषयवार निर्देशिका तयार करविली. ग्रंथपालाच्या विवेकाला तीत स्थान होते. परंतु पृष्ठांच्या वाढत्या संख्येपुढे हा मार्ग टिकला नाही आणि ही निर्देशिका २०१४ अखेर बंद झाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने डिसेंबर १९९५ मध्ये खुल्या केलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने उलटपक्षी संपूर्ण मजकुराची प्रचंड सूची जलद चाळण्याची सोय केली. तिच्यात हजारो पृष्ठे सापडत. मात्र त्यांतील विश्वसनीय कोणते, हे ठरविणे कठीण जाई. एकच शब्द पृष्ठावर वारंवार छापून वरचा क्रम मिळविण्याची युक्तीही लवकरच प्रचारात आली.

क्रमनिश्चितीचा प्रश्न : स्टॅनफर्ड येथीलच लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी यावर वेगळा तोडगा काढला. एखाद्या पृष्ठाकडे किती पृष्ठे दुव्याने निर्देश करतात आणि ती पृष्ठे स्वतः किती महत्त्वाची आहेत, यावरून त्याचे वजन ठरवावे, हे त्यामागील तत्त्व होय. शोधनिबंधांचे महत्त्व त्यांच्या उल्लेखांवरून जोखण्याची यूजीन गारफील्ड यांची पद्धत विद्वज्जगतात आधीपासून परिचित होती. तिच्याशी याचे नाते उघड आहे. ‘गुगल’ कंपनीची स्थापना सप्टेंबर १९९८ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या निबंधात पेज व ब्रिन यांनी सु. २·४ कोटी पृष्ठांच्या सूचीचे वर्णन केले आणि जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, असा इशाराही दिला. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, गुगलने शोधशब्दांशी निगडित जाहिराती सुरू केल्या आणि पुढे त्याच कंपनीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार ठरल्या.

क्रम ठरविण्याचे सामर्थ्य हा त्यानंतर कायद्याचाही विषय झाला. स्वतःच्या खरेदीविषयक सेवेला निष्कर्षांत झुकते माप दिल्याबद्दल यूरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गुगलला २४२ कोटी यूरोंचा दंड केला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिष्कर्षांतील पक्षपाताबद्दल १३५·८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शोधसेवेतील मक्तेदारी गुगलने बेकायदेशीरपणे टिकवून ठेवली, असा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने दिला.

मराठी मजकूर व शोध : सूचीत नसणे म्हणजे काय, याचा अनुभव मराठी वाचकांनी दीर्घकाळ घेतला. आरंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर देवनागरी अक्षरे विशिष्ट टंकांच्या आधारे दाखविली जात. पडद्यावर देवनागरी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरचिन्हांचा अर्थहीन क्रम असे. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द त्या पृष्ठावर असूनही शोधात येत नसे. युनिकोड या सांकेतिक मानकात देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. पण विंडोज २००० पासून प्रचलित संगणकांवर त्याला आधार मिळाला आणि वापर पुढे हळूहळू वाढला. जुन्या टंकांतील जो मजकूर रूपांतरित झाला नाही, तो शोधाच्या दृष्टीने हरवल्यासारखाच आहे. छापील पानांच्या केवळ प्रतिमा असलेल्या ग्रंथांतील मजकूरही, अक्षरे ओळखणारी प्रक्रिया केल्याखेरीज सापडत नाही.

भाषेच्या घडणीमुळेही अडचणी येतात. मराठीत प्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते, उदा., ‘विहीर’ पासून ‘विहिरीचे’, ‘पाणी’ पासून ‘पाण्यात’. शोधयंत्राने ही रूपे एकाच शब्दाची म्हणून ओळखली नाहीत, तर मूळ रूप देऊन घेतलेला शोध अपुरा राहतो. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या लेखननियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘पुणें’ अशी सानुस्वार रूपे आढळतात. अशा साहित्याचा शोध घेणाऱ्याने जुनी रूपेही देऊन पाहणे इष्ट ठरते.

निवड व वापर : शोधयंत्राचे नाव बदलल्याने सूची बदलतेच असे नाही. उदा., २००८ मध्ये सुरू झालेले ‘डकडकगो’ शोधकर्त्याची माहिती साठवीत नसल्याने वेगळे ठरते. परंतु त्याचे पारंपरिक निष्कर्ष मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ कडून येतात. रशियातील ‘यांडेक्स’, चीनमधील ‘बायडू’ यांच्या सूच्या स्वतंत्र आहेत. वैद्यकीय संशोधनासाठी ‘पबमेड’ सारखी विशिष्ट विषयाची सूची सर्वसाधारण शोधयंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

शोध सुधारण्याचे उपायही वरील इतिहासातूनच निघतात. सामान्य शब्दांऐवजी विरळ व नेमके शब्द दिल्यास निष्कर्ष अचूक होतात. अवतरणचिन्हांत दिलेली शब्दावली बहुतेक शोधयंत्रे जशीच्या तशी शोधतात. एखाद्याच संकेतस्थळापुरता किंवा विशिष्ट कालखंडापुरता शोध मर्यादित करता येतो. उलट काहीच न सापडल्यास शब्द कमी करावेत, पर्यायी शब्द द्यावेत. विशेष म्हणजे प्रश्नकर्त्याचे नव्हे, तर संभाव्य लेखकाचे शब्द योजावेत. कारण सूची लेखकाच्या शब्दांची असते.

२०२२ नंतर संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली प्रचारात आल्या आणि शोधयंत्रेही पृष्ठांच्या यादीऐवजी तयार उत्तर देऊ लागली. यामुळे श्रम वाचतात. परंतु अनेक निष्कर्ष समोर ठेवून त्यांची तुलना करण्याची सवय त्याबरोबर मोडू शकते, शिवाय अशी उत्तरे कधीकधी चुकीचीही असतात. निर्देशिका करणारा संपादक, दुवे मोजणारी आज्ञावली अथवा उत्तर रचणारी प्रणाली, यांपैकी कोणीही निवड केली, तरी ती एक निवडच असते. मूळ पृष्ठ उघडून ते कोणी, केव्हा व कशाच्या आधारे लिहिले हे पाहण्याचे काम वाचकाकडेच राहते.