भिंतीआडचे काम

मागील पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीस ओल धरली, तेव्हा पाहावयास आलेल्या कारागिराने गिलावा खरवडून वर सिमेंटचा हात फिरवावा, एवढाच उपाय सुचविला. आम्ही तो मानला. दोन महिन्यांनी ओल पुन्हा वर आली आणि भिंत फोडणे भाग पडले, तेव्हा आतील नळाच्या आट्यांवर ताग-सफेद्याऐवजी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली आढळली. आपले काम पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, या भरवशावरच ते झाले होते. आणि हा भरवसा किती जुना व किती घातक आहे, हे पाहावयाचे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंडकडे वळावे लागते.

१८७१ च्या अखेरीस इंग्लंडचा युवराज स्कारबरो येथे लंड्सबरोच्या अर्लच्या हवेलीत पाहुणा म्हणून राहून आला व विषमज्वराने अंथरुणास खिळला. त्याच हवेलीत उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल आणि युवराजाचा एक मोतद्दार हे दोघे त्या ज्वरात दगावले. डिसेंबरच्या मध्यास, ज्या दिवसांत दहा वर्षांपूर्वी त्याचा पिता निवर्तला होता त्याच दिवसांत, युवराज मृत्यूच्या दारातून परतला. परंतु हवेलीच्या सांडपाण्याच्या नळांवर जो ठपका आला, त्याने श्रीमंतांच्या मनातील एक समजूत कायमची ढळली. गलिच्छ वस्त्यांतील रोग संगमरवरी न्हाणीघरातूनही येऊ शकतो, हे त्यांना प्रथमच जाणवले.

या भीतीचे ज्ञानात रूपांतर करण्याचे श्रेय ज्यांना द्यावे, त्यांत लीड्सचे शल्यवैद्य टॉमस प्रिजिन टील अग्रगण्य होत. घरगुती आरोग्यदोषांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक १८७८ साली निघाले. भिंती व जमिनी जणू चिरून आतील नळ उघडे करून दाखविणारी ती चित्रे सामान्य गृहस्थाकरिता होती, हे मला त्यांचे मोठेपण वाटते. कोठे सांडपाण्याचा नळ उतार सोडून उलट चढणीस लागलेला, कोठे खापरी नळांची तोंडे एकमेकांत नुसती सारलेली व सांध्यांत सिमेंटचा कणही नाही, तर कोठे पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा निकास थेट मैल्याच्या नळास नेऊन भिडविलेला. मक्तेदाराचा हिशेब चुकता होई, वर फरसबंदी बसे, आणि दोष घरधन्याच्या पायाखाली निर्धास्त राही.

प्लंबर हा शब्दच लॅटिनमधील शिशाच्या नावावरून आलेला. कसबी प्लंबर दोन शिसनळ्यांच्या सांध्यावर वितळलेला डाख ओती, आणि तो मऊ आहे तोवर जाड कापडाने पुसत पुसत त्यास गोलाई देई. असा जोड मध्ये फुगीर, दोहों अंगांस सारखा उतरता व अखंड गुळगुळीत दिसे. कामचुकार मनुष्य तेथे पुट्टी थापून वर रंग फाशी, आणि ती वाळून तडकली, की दुर्गंधास वाट मोकळी होई.

संशय फेडण्याची एक युक्ती मोठी मनोज्ञ होती. पेपरमिंटचे तेल कढत पाण्यासह नळाच्या वरच्या तोंडातून ओतावयाचे, आणि खाली दुसऱ्याने खोलीखोलीतून वास घेत फिरावयाचे. जेथे वास आला, तेथे जोड फुटका. तेल ओतणाऱ्याने मात्र तपासणी आटपेपर्यंत घरात पाऊल ठेवावयाचे नाही, कारण त्याच्या हातांचा व कपड्यांचा वासच खोटी साक्ष देई.

त्या काळी सल्लाही कित्येकदा कामाइतकाच दूषित असे. वास आला की कार्बोलिकची पूड शिंपडा, असे सांगणारे पुष्कळ होते. जोड तपासा, असे सांगणारे थोडे. स्वतः आरोग्यसुधारकही गटारातील वायूलाच रोगाचे मूळ मानीत. विषमज्वर रुग्णाच्या मलातून, विशेषेकरून दूषित पाण्यावाटे पसरतो, हे ब्रिस्टलचे विल्यम बड आग्रहाने मांडीत होते. आज त्यांचाच पक्ष खरा ठरला आहे. तरीही टाकी आणि मैल्याचा नळ यांचा संबंध तोडण्याचा टील यांचा आग्रह योग्यच होता. कारणमीमांसेत चूक असून उपाय हिताचा ठरावा, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

१६११ ची सनद असलेल्या लंडनच्या प्लंबरांच्या संघाने १८८६ पासून कारागिरांची नोंदणी आरंभिली. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही परवानाधारक प्लंबरांची तजवीज झाली. परवान्याने जबाबदार माणसाचे नाव कळते, हा लाभ लहान नव्हे. पण भिंतीआडचा जोड त्याने दिसू लागत नाही. या बाबतीत नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजहून पुण्यास आणलेला नळ मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा सुटे, गाळ तळाशी बसे, आणि माणसास आत उतरून साफसफाई करता येई. बांधणाऱ्यांनी आपले काम पुढच्यांच्या नजरेसाठी मुद्दाम उघडे ठेवले होते.

आमच्या न्हाणीघरात नवा जोड बसला, तेव्हा गिलाव्यापूर्वी दोन दिवस नळात पाणी चढवून ठेवले, आणि त्या जागी वीतभर रुंदीची लाकडी झडप करून घेतली.