चोर्ला घाट : बेळगावहून समुद्राकडे उतरताना

कळंगुट, बागा किंवा मिरामारच्या किनाऱ्यावरून बेळगाव गाठण्यासाठी उत्तर गोव्यातील वाहनचालक बहुधा चोर्ला घाटाचा मार्ग धरतो. डिचोली, साखळी, केरी, मग घाट; माथ्यावर सुर्ला व चोर्ला, आणि पुढे कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगाव. गोव्याच्या भाजीबाजाराची मोठी भिस्त बेळगाववर आहे. रुग्णालये, महाविद्यालये, कापडखरेदी आणि सोयरीक यांसाठीही दोन्ही बाजूंची मराठी कुटुंबे या वाटेने सतत ये-जा करतात.

हा घाट दोन्ही बाजूंनी सारखा नाही, आणि नवख्या चालकाची फसगत होते ती इथेच. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तुटलेला आहे, तर पूर्वेकडे तो पठारात विरून जातो. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसले आहे. त्यामुळे तिथून चोर्ल्यापर्यंत घाट असा जाणवतच नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि तिथून जवळच असलेल्या सुर्ल्याचे पाणी पश्चिमेला म्हादईत उतरते. बेळगावहून येणारा चालक रानातल्या मोकळ्या रस्त्याने निर्धास्तपणे येतो, आणि जवळजवळ सारी उंची त्याला केरीपर्यंतच्या वळणांत एकदम उतरावी लागते. शनिवार-रविवारी किनारा गाठण्याच्या घाईत तर ही उतरण अधिकच फसवी ठरते.

उतरणीचा निर्णय माथ्यावरच घ्यावा लागतो. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा ठोकताळा आजही खरा आहे. एक टन वजनाची मोटार शंभर मीटर खाली येते, तेव्हा तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. इंजिनाने ती रोखली नाही, तर तिचा बहुतेक भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने व ओलावा धरलेले असेल, तर ते उकळून पेडल पोकळ लागते. जळका वास आला, की सुरक्षित जागा पाहून थांबावे व चाके निवू द्यावीत. त्यांवर पाणी ओतू नये. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते, पण पुष्कळांनी ती कधी वापरून पाहिलेली नसते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर शुद्ध आततायीपणा होय. आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप तोडते, म्हणजे ती बचतही खोटीच.

अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. त्यामागचे कारण सरळ आहे : चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणे कठीण असते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा आणि आपली बाजू सोडू नये. अंजुणे धरणाचे पाणी किंवा पावसाळ्यातले धबधबे पाहायचे असतील, तर गाडी रस्त्याबाहेर पूर्ण घेता येईल अशाच जागी थांबवावी. वळणावर गाडी उभी करून छायाचित्रे काढणाऱ्यांचे काय करावे, हे मात्र कोणत्याही नियमावलीत सापडत नाही.

पावसाळ्यात माथ्यावर दाट धुके असते. त्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावरून परतून चालकाचेच डोळे दिपवतो. दरड कोसळल्यास वाहतूक थांबते, आणि अवजड वाहनांवरचे निर्बंधही वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. टाकी साखळीला किंवा बेळगावला भरून घ्यावी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना म्हादई आणि भीमगड या अभयारण्यांचे रान पसरले आहे. रात्री गवे रस्त्यावर येतात. एक दिसला की मागून आणखी येणार असे धरून थांबावे.

हा मार्ग बंद असल्यास मोले-अनमोड किंवा सावंतवाडी-आंबोली हे पर्याय आहेत. दोडामार्गहून चंदगडकडे चढणारा तिलारीचा घाट अंतराने सोयीचा वाटतो, पण त्याचा चढ फार उभा असल्याने नवशिक्याने तिकडे वळू नये.