बघणारे काय म्हणतात

पालघर तालुक्यातले मासवण हे बाबूराव पटेलांचे गाव. १९०४ साली जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले आणि पुढची पंचवीसेक वर्षे चित्रपटवाल्यांना धाकात ठेवले. त्यांच्या जहाल परीक्षणांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्या अंकांतली दुसरीच पाने मोलाची वाटतात, वाचकांच्या पत्रांची. ठिकठिकाणचे लोक संपादकाला प्रश्न धाडत. कुणाला एखाद्या नटीची चौकशी करायची असे, कुणाला वाया गेलेल्या पैशांचा राग काढायचा असे. संपादकाचे उत्तर तिरकस असे, कधी चक्क उद्धट; पण प्रश्न छापून येई. विचारणारा समीक्षक नव्हता, धंद्यातलाही नव्हता. तिकीट काढून सिनेमा बघणारा होता. त्याचे म्हणणे छापण्याजोगे असते हे या फटकळ संपादकाने ओळखले होते. आपल्या विद्यापीठांनी ते ओळखायला बराच वेळ घेतला.

सहज बघणाऱ्यांच्या मतांचा अभ्यास करू पाहणाऱ्या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. त्यासाठी चित्रपटशास्त्राची पदवी लागत नाही. कान आणि थोडी चिकाटी लागते. फक्त एक भेद पहिल्यापासून ध्यानात ठेवावा. प्रेक्षकांविषयीचे मत वेगळे आणि प्रेक्षकांचे मत वेगळे. या विषयातले निम्मे कागद पहिल्या प्रकारचे आहेत, आणि ते दुसऱ्या प्रकारचे म्हणून वाचले जातात.

सर्वांत ठळक उदाहरण १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीचे. टी. रंगाचारियार तिचे अध्यक्ष होते. समिती देशभर फिरली, प्रश्नावल्या वाटल्या, साक्षी घेतल्या. दादासाहेब फाळक्यांनीही आपले म्हणणे मांडले. अहवालाबरोबर साक्षींचे जाडजूड खंड निघाले. आज ते संशोधकांना खजिन्यासारखे वाटतात, आणि आहेतच. पण साक्षीदार कोण होते? अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ, प्रतिष्ठित नागरिक, थिएटरमालक. अडाणी प्रेक्षकावर सिनेमाचा काय परिणाम होतो, हे त्यांना विचारले गेले. चार आण्यांच्या बाकावर बसणाऱ्याला बोलवावे असे फारसे कुणाला सुचले नाही.

आजचा टीआरपी हा त्याच घराण्यातला, फक्त आकड्यांत बोलणारा. निवडक घरांत यंत्र बसवलेले असते आणि दर आठवड्याला कुठली वाहिनी किती वेळ लागली ते कळते. हे मोजणाऱ्या संस्थेचे लघुनाम ‘बार्क’ आहे. अणुवीज केंद्राजवळच्या बोईसरमध्ये हा शब्द उच्चारला तर लोकांना भाभा अणुसंशोधन केंद्र आठवते, त्यामुळे इथे हा विषय काढताना आधी दोन मिनिटे खुलासा करावा लागतो. ते असो. टीव्ही चालू होता आणि घरातले कोण समोर होते एवढे यंत्र सांगते. समोर बसलेली बाई त्या वेळी मालिकेला शिव्या घालत होती, हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या वाटेने गेलेलेही आहेत. जर्मनीत एमिली आल्टेनलो या तरुणीने १९१४ साली मानहाइम शहरातल्या प्रेक्षकांवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. कामगार, कारकून, दुकानातल्या मुली यांना तिने प्रश्न विचारले आणि माणसाचा व्यवसाय व त्याची आवड यांचा मेळ घालून पाहिला. सिनेमाच तेव्हा कोवळा होता, हे लक्षात घेतले की तिची झेप कळते. हॉलंडमध्ये इएन आंग हिने ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेबद्दल एका महिला मासिकात छोटीशी जाहिरात दिली: मला ही मालिका आवडते, तुम्हाला काय वाटते ते कळवा. बेचाळीस पत्रे आली. त्यांवर तिने लिहिलेले पुस्तक १९८५ मध्ये इंग्रजीत आले आणि या क्षेत्राची दिशा बदलली. बेचाळीस म्हणजे काहीच नाही, असे आकडेवाले म्हणतात. पण मालिकेला नावे ठेवत ठेवत ती न चुकता बघणारा प्रेक्षक तिने पहिल्यांदा नीट उभा केला. तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा काही गावांत मानववंशशास्त्रज्ञ राहायला गेले होते. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे कर्क जॉन्सन यांनी महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातल्या दोन गावांत राहून टीव्हीमुळे काय बदलते ते टिपले. त्यांचे पुस्तक २००० सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी पूर्णिमा मंकेकर यांचे दिल्लीतल्या प्रेक्षकांवरचे पुस्तक आले होते. ‘महाभारत’ मालिकेतल्या द्रौपदीविषयी बोलता बोलता बायका स्वतःच्या असुरक्षिततेविषयी कशा बोलू लागतात, हे त्यात फार बारकाईने आले आहे. नवख्याने वाचनाची सुरुवात तिथून करावी, असे माझे मत.

आता असा अभ्यास करायला पालघर आणि बोईसर-तारापूरच का? मुंबईच्या इतक्या जवळ असूनही हा भाग प्रेक्षक म्हणून कुणी फारसा मोजलेला नाही, हे एक कारण. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा एकाच पडद्यासमोर इतक्या तऱ्हेचे लोक बसवतो की अभ्यासकाला फार हिंडावे लागत नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या वसाहतीत देशभरातली कुटुंबे आली. एमआयडीसीने रसायने, कापड आणि पोलाद आणले. त्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार आले. किनाऱ्याला मांगेला आणि वाडवळ, पूर्वेच्या पाड्यांत वारली, कोकणा, काथोडी. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून रोज अप-डाऊन करणाऱ्यांची एक चालती बैठकही या अभ्यासाच्या हाताशी आहे.

या सगळ्यांना एकत्र ‘प्रेक्षक’ म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या मतांना आकार येतो तो त्यांच्या दिवसाच्या रचनेमुळे. कारखान्यातली दुपारची पाळी रात्री उशिरा सुटते. संध्याकाळी सात ते साडेदहा, म्हणजे मालिकांच्या ऐन वेळेत, तो माणूस मशीनपाशी असतो. तरी मालिकेतल्या सासूविषयी त्याचे मत ठाम असते. कारण रात्री अकरानंतर ताट वाढताना बायकोने त्याला त्या दिवसाचा भाग सांगितलेला असतो. त्याने भाग पाहिलेला नाही. सांगितलेला भाग ऐकला आहे, तोही सांगणारीच्या रागालोभासकट. हे मत कुणाचे धरायचे? उलट ती स्वतःही भाग पुरता ‘बघत’ नाही. कणीक मळताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तो कानावर घेत असते. मालिकावाले हे ओळखून असतात. तोच संवाद दोनदा, तेच संगीत तीनदा, चेहऱ्यावरून फिरणारा तोच कॅमेरा. समीक्षक ज्याला दोष म्हणतात ती स्वयंपाकघरासाठी केलेली सोय असते. तीच बाई मग ‘किती पाणी घालतात!’ असेही म्हणते. दोन्ही खरे आहे.

सातपाटीसारख्या बंदरात वर्ष वेगळ्या रीतीने विभागलेले असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. एरवी समुद्रावर असणारे पुरुष या काळात घरी असतात आणि रिमोटवरून कुरबुरी सुरू होतात. कोळीवाड्यात जुलैत विचारलेले आणि जानेवारीत विचारलेले मत एकाच रकान्यात घालू नये, ही सूचना कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

दुपारच्या डहाणू लोकलमधल्या बायकांच्या डब्यात अशी बोलणी ऐकू येतात. ‘आई कुठे काय करते’ चालू होती त्या वर्षांतली ही:

‘एवढं सोसायचं कशाला त्या अरुंधतीने? मी असते तर पहिल्याच दिवशी निघून गेले असते.’

‘कुठे गेली असतीस? माहेरी भाऊजय आहे.’

‘बघितलं असतं कुठेतरी.’

‘बघितलं असतं म्हणे. मेथी निवड आधी.’

हसणे होते, मेथीची जुडी पुढे सरकते आणि विषय कुणाच्या तरी मावसबहिणीच्या घटस्फोटाकडे वळतो. यात मालिकेविषयी मत कुठे आहे? पहिल्या वाक्यात असल्यासारखे वाटते. मला ते दुसऱ्या वाक्यात दिसते. पहिलीने नायिकेला दोष दिला. दुसरीने एका भावजयीच्या आधारे कथानक खरे ठरवले. सहज बघणाऱ्याची समीक्षा बहुधा अशी चालते. पात्राने जे केले ते आपल्याला परवडले असते का, हा तिचा निकष असतो.

दुसरा निकष शिफारशीचा. ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘पैसे वसूल’, ‘टाइमपास आहे’, ‘घरच्यांबरोबर नको’, ‘इंटरव्हलनंतर पडला’. ही वाक्ये चित्रपटाचे वर्णन करत नाहीत, ऐकणाऱ्याला सल्ला देतात. म्हणून तोच माणूस मित्राला एक सांगतो आणि मेहुण्याला दुसरे. यात ढोंग नाही. मेहुणा बायकामुलांना घेऊन जाणार असतो, तिकिटे, रिक्षा आणि खाणे धरून त्याचा खर्च मोठा असतो. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला आला आणि बायकांचे गट नटूनथटून, गॉगल लावून थिएटरात गेले. त्यांतल्या अनेकींनी सिनेमाइतकेच जाण्याचे कौतुक केले. त्यांच्या मतातून ती सहल वजा करून शुद्ध चित्रपटमत काढू पाहणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परत येईल.

विचारण्याच्या रीतीबद्दल थोडे. समोर फोन ठेवून ‘तुमचे मत सांगा’ म्हटले की माणूस ताठ बसतो. ‘अभिनय चांगला आहे, सामाजिक संदेश आहे’ असे काहीतरी ऐकू येते. ‘सामाजिक संदेश’ आला की समजावे, तो आता आपल्याशी नाही, वर्तमानपत्राशी बोलतो आहे. त्यापेक्षा साधे विचारावे. कुठे उठलात? कुणाला सांगितलेत? पुन्हा लागला तर बघाल? ‘सैराट’विषयी ‘आवडला’ हे उत्तर २०१६ च्या त्या उन्हाळ्यात जवळपास सगळ्यांनी दिले असते. शेवटी आवाज बंद होतो तेव्हा शेजारचा काय करत होता असे विचारले की माणसे खुलतात. मग कुणी म्हणतो की शेवट असा नको होता, कुणी म्हणतो की शेवट तेवढाच खरा, बाकी गाणी. दोघांचीही पहिली मते अगदी सारखी होती.

नावे लिहू नयेत, हे वेगळे सांगायला नको. पण एवढ्याने भागत नाही. वसाहतीत किंवा पाड्यावर ‘बँकेत काम करणारी, सुनेशी न पटणारी’ एवढ्या वर्णनावरून बाई कोण ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते. मालिकेतल्या सुनेला दिलेल्या शिव्या घरातल्या सुनेच्या कानावर जातात. तपशील बदलावेत, त्याने अभ्यासाचे काही अडत नाही.

भाषेचे काम मात्र मागे पडले आहे, आणि नव्या माणसाला तिथे सर्वांत जास्त वाव आहे. ‘रात्रीस खेळ चाले’मुळे मालवणी घरोघरी पोचली, पण वाडवळी, मांगेली किंवा वारली बोलणाऱ्याला आपली बोली संध्याकाळच्या मालिकांत ऐकू येत नाही. वारली पाड्यावरची मुलगी मालिका पुस्तकी मराठीत बघते, मैत्रिणीशी तिच्याबद्दल वारलीत बोलते आणि शाळेत बाईंनी विचारले तर पुन्हा पुस्तकी मराठीत उत्तर देते. आपल्या वहीत येते ते तिसरे. दुसरे टिपायचे तर ती बोली येणाराच माणूस हवा. एमआयडीसीजवळच्या खोल्यांत भोजपुरी आणि उडिया बोलणाऱ्यांबाबतही तेच.

त्या खोल्यांतला आणखी एक प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पाळी संपवून आलेला मुलगा उशाशी फोन टेकवून हिंदीत डब केलेला दक्षिणेचा सिनेमा तुकड्यातुकड्यांनी बघू लागला. ‘पुष्पा’ त्याने कधी सलग पाहिलेला नसतो. मारामारीचे चार तुकडे, एक गाणे, दोन संवाद, बाकी खोलीतल्या इतरांनी सांगितलेले. तरी त्याचे मत पक्के असते आणि ते ऐकून दुसरे दोघे बघायचे की नाही ते ठरवतात. पाहणीत अशांना ‘चित्रपट पाहिला नाही’ या खान्यात टाकण्याची पद्धत आहे. मी त्यांना प्रेक्षक धरतो, आणि त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखतो: किती पाहिला, कुणाकडून ऐकला, आणि मत कुणाला दिले.