मर्यादेयं विराजते : पत्रापासून फॉरवर्डपर्यंत



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक, संपादक आणि संशोधक बोलून गेले. मी पेशाने होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहास हा माझा दवाखान्यानंतरचा छंद. आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी आहेत. माझ्याही घरी एक होते. ते वाचता यावे म्हणून वयाच्या पन्नाशीत मी मोडी शिकलो. त्या कागदांनी मला जे शिकवले त्याचा उपयोग मला सहा-सात वर्षांपूर्वी व्हायला हवा होता. तो झाला नाही. का झाला नाही, हेही आज सांगणार आहे.

आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोज वापरतो. मूळचे ते दोन वेगळे ठसे. शिक्का पत्राच्या आरंभी आणि मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस जी लहान मुद्रा असे, तिच्यावरचे शब्द ‘मर्यादेयं विराजते’ असे आहेत. म्हणजे या पत्राची मर्यादा इथे आहे. पुढे अनेक मुद्रांवर ‘लेखनसीमा’ हा शब्द येतो. याचा उपयोग अगदी व्यवहारातला होता. मजकूर जिथे संपला तिथे ठसा उमटला की त्याखाली कोणी एक ओळ वाढवू शकत नसे. वाढवलीच तर ती ठशाच्या बाहेर पडे आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येई.

आपल्या भाषेत मर्यादा या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक सीमा आणि दुसरा सभ्यपणा. जुन्या पत्रात हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी नांदत होते, असे मला वाटते.

पत्र कसे लिहावे याचे शास्त्र मराठीत फार जुने आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर ‘मेस्तक’ म्हणून जे प्रकरण चालत आले आहे, त्यात कारकुनाने कसे लिहावे, कोणाला कोणता मायना घालावा याचे नियम आहेत. वडिलांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव, बरोबरीच्यांना राजमान्य राजश्री. मग येथील कुशल, तेथील कुशलाची विचारणा, मग ‘विनंती विशेष’ म्हणून खरा मजकूर, आणि शेवटी लोभ असू द्यावा अशी विनंती. आपल्या नातवंडांना हे सारे पाल्हाळ वाटते. मलाही तरुणपणी वाटे. पण कागद वाचता वाचता ध्यानात आले की या रूढ शब्दांतून चार गोष्टी आपोआप नोंदल्या जात : कोण लिहितो, कोणाला लिहितो, कुठून व केव्हा लिहितो, आणि त्याचे म्हणणे कुठे संपते. कित्येक पत्रांत वर्ष नसते, ‘छ’ लिहून नुसती चंद्राची तिथी असते. तरीही अभ्यासक त्या पत्राचा काळ शोधून काढतात, कारण बाकीच्या खुणा शाबूत असतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतचा काळ उभा राहिला तो अशाच पत्रांतून. पुढे रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापून घेतले. प्रत्येक कागदाला धनी होता, म्हणून तो शंभर-दीडशे वर्षांनी साक्ष देऊ शकला.

आता त्याच पानिपतच्या दोन बातम्या घेऊ.

14 जानेवारी 1761 रोजी लढाई झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा आपल्या माळव्यातच होते. भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, दहाएक दिवसांनी त्यांना एका सावकाराचे पत्र मिळाले. ते पत्र प्रसिद्ध आहे. त्यात कोणाचे नाव नव्हते. सराफाच्या भाषेत दोन मोती गेल्याचे, काही मोहरा हरवल्याचे आणि खुर्द्याची तर गणतीच नसल्याचे कळवले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना समजले. पत्र वाटेत कोणाच्या हाती पडले तर बोभाटा होऊ नये म्हणून ही सांकेतिक भाषा. पण त्यात मला आणखीही काही दिसते. ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ गेला त्या माणसाला ती बातमी कशी सांगायची, याचा विचार त्या लिहिण्यात आहे. सावकाराला जेवढे कळले होते तेवढेच त्याने लिहिले. त्यात पदरची भर घातली नाही.

दुसरी बातमी अशी की भाऊ गेलेच नाहीत, ते जिवंत आहेत. रणांगणावर सापडलेल्या एका देहावर भाऊंचा म्हणून अंत्यसंस्कार झाले होते, पण ती ओळख सर्वांना पटली नाही. तेवढ्या फटीतून ही वार्ता शिरली. तिला कर्ता नव्हता, तारीख नव्हती, मोर्तब नव्हते. ती तोंडातोंडी उत्तरेतून दक्षिणेत आली. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊ म्हणवू लागला. त्याला पकडले, कैदेत ठेवले, तरी वार्ता कैद झाली नाही. 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणात मोठे बंड माजले. माणसे लढली, मेली. त्याच वर्षाअखेर पुण्यात तोतयाला देहांत शासन झाले. लढाईला तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी 1783 मध्ये देह ठेवला, तोवर त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरवली नव्हती. त्यांची आशा आपण समजू शकतो. पण ज्यांनी ती वार्ता फुंकर घालून जिवंत ठेवली त्यांतल्या किती जणांना त्या माउलीचे दुःख ठाऊक होते? त्यांना फक्त आश्चर्याची गोष्ट पुढे सांगायची होती.

तिसरे उदाहरण आपण सर्वजण शाळेपासून ऐकत आलो आहोत, ‘ध’चा ‘मा’. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून तो ‘मारावे’ असा केला, अशी कथा. पत्राची मर्यादा मोडली की काय होते याचा दाखला म्हणून मी ती कित्येक भाषणांत वापरली आहे. आज वापरताना जीभ अडखळते. खून झाला हे निर्विवाद. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले हेही प्रसिद्ध आहे. पण अक्षर फिरवल्याची गोष्ट खरी की दंतकथा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तरीही आपण एका बाईवरचा आरोप अडीचशे वर्षे बिनदिक्कत पुढे पाठवत आहोत. कागदात फेरफार करू नये हे शिकवणारी ही गोष्ट आपण कागद न पाहताच सांगतो. फॉरवर्डची सवय मोबाइलने लावली असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

मोबाइलने एक मात्र केले. तोतयाच्या बातमीला दक्षिणेत यायला महिने लागले असतील. आता क्षण पुरतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा संदेश त्या सुमारास मोबाइलवर फिरत होता. ही माणसे पिढ्यानपिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटवर संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा हा शब्द पुन्हा आला पाहा. फरक इतकाच की शिवकाळात ती लिहिणारा स्वतः घालत होता, आणि आता यंत्राला ती आपल्यावर घालावी लागली.

आता माझी गोष्ट.

2020 च्या एप्रिलमध्ये इंदूरची काय अवस्था होती हे आपल्याला सांगायला नको. एका रात्री मला संदेश आला की आमच्या वसाहतीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याच्या घरी कोरोनाचा रुग्ण निघाला आहे, त्याच्याकडून भाजी घेऊ नये. पाठवणारा ओळखीचा होता. त्याला तो दुसऱ्या ग्रुपवरून आला होता. मी वर ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ एवढे तीन शब्द जोडले आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची गाडी फाटकाच्या आत येऊ दिली गेली नाही. बावीस दिवस. त्याच्या घरी कोणीही आजारी नव्हते. आजारी होते ते त्याच्या गल्लीतले भलतेच कोणी. हे मला आठवड्याभरात कळले होते. तरी मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली नाही. विषय मागे पडला आहे, पुन्हा कशाला उकरा, असे मनाशी म्हणालो.

मी दिगंबर जैन घरातला. सप्टेंबरमध्ये दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस आला. माझे आजोबा या दिवसासाठी कार्डे लिहीत. भारतात पोस्टकार्ड 1879 साली पाव आण्याला सुरू झाले. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांची मोठी सोय झाली. आजोबा प्रत्येक नाव लिहिताना क्षणभर थांबत, त्या माणसाशी वर्षभरात काय बोललो ते आठवत. काही कार्डांत एखादी ओळ जास्त असे. मी मात्र कमळाच्या चित्राचा एक तयार क्षमायाचनेचा संदेश साडेतीनशे जणांना पाठवला. त्यांतल्या बहुतेकांचा मी काहीच अपराध केला नव्हता. ज्याचा केला होता त्याचा नंबरही माझ्याकडे नव्हता.

त्या संध्याकाळी मी तत्त्वार्थसूत्र उघडले. सत्यव्रताचे पाच अतिचार उमास्वामींनी सांगितले आहेत. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले. त्यांत मिथ्योपदेश आहे, म्हणजे चुकीचा सल्ला. रहोभ्याख्यान आहे, म्हणजे कोणाची खासगी गोष्ट उघड करणे. कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. इतक्या शतकांपूर्वीची ही यादी मला माझ्या फोनसाठीच केल्यासारखी वाटली. मी खोटे रचले नव्हते. पण खोट्या कागदावर शिक्का मारला होता. ‘डॉक्टर’ हा माझ्या नावाआधीचा शब्द म्हणजेच तो शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गल्लीत गेलो. हात जोडून झाले ते सांगितले. तो थोडा वेळ गाडीवरची मेथी नीट लावत राहिला. मग म्हणाला, “साब, किसी और ने लिखा होता तो कोई नहीं मानता. आपने लिखा, तो सबने मान लिया.” त्याने भाजी दिली आणि पैसेही घेतले. क्षमा केली की नाही ते मला कळले नाही, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. घरी येऊन मी ग्रुपवर माझ्या नावानिशी, तारीख घालून चूक कबूल केली. तीन जणांनी हात जोडल्याचे चित्र टाकले. बाकी कोणी काही बोलले नाही.

माझ्या शास्त्राचे प्रवर्तक हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’मध्ये डॉक्टरला सांगितले आहे की रुग्ण बोलत असता त्याला मध्ये तोडू नये आणि त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवावी. दवाखान्यात हा नियम मी चाळीस वर्षे पाळला. दवाखान्याबाहेर, हातात फोन असताना, तो मला आठवला नाही. ज्याच्याविषयी संदेश होता त्याला एक शब्दही न विचारता मी निदान करून मोकळा झालो.

जुने सगळे चांगले होते असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. त्या मायन्यांत माणसांची उतरंड पक्की बसवलेली होती. विधवेला पत्राच्या पहिल्याच शब्दांत ‘गंगाभागीरथी’ म्हणून तिच्या वैधव्याची आठवण दिली जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे, वाचून घ्यावे लागे, आणि घरातले गुपित गावाला कळे. आज त्या भाजीवाल्याची मुलगीही स्वतःच्या हाताने स्वतःचे म्हणणे लिहू शकते. ही या काळाची मोठी देणगी आहे, ती परत द्यावी असे मी म्हणणार नाही. ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ परत आणा असाही आग्रह नाही.

आग्रह आहे तो त्या चार खुणांचा. आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी पाहावे की तो कोणी लिहिला आहे, कोणासाठी, कुठून आणि केव्हा, आणि त्याच्या शेवटी कोणाचे मोर्तब आहे. यांतली एक जरी खूण सापडली नाही तरी तो आपल्यापाशी थांबवावा. तरी पाठवायचाच असेल तर आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने लिहावे. चुकले तर ज्या ग्रुपवर चूक केली त्याच ग्रुपवर कबूल करावे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जावे.

या सभागृहातल्या बहुतेकांच्या नावाआधी काही ना काही लागलेले आहे : डॉक्टर, प्राध्यापक, वकीलसाहेब, निदान काका-आजोबा. आपल्या घरांत आणि वसाहतींत आपल्या शब्दाला अजून शिक्क्याची किंमत आहे. म्हणून त्याला मोर्तबही आपणच घातले पाहिजे.

लेखनसीमा.