पट्टीवरची एक ओळ

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा शेतकरी बाजार समितीत भाजी विकतो, तेव्हा त्याच्या हाती पट्टी पडते. 1986 साली भरत गोयंकांनी वडिलांच्या धंद्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. त्याचीच पुढे ‘टॅली’ झाली. तिच्या व्याख्याभाषेत मूळ प्रोग्रामला हात न लावता पट्टीसारखा स्थानिक कागद जुळवता येतो. जुलै 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. प्रोग्रामात बदल चिमुकलाच : पट्टीतली वजाबाकी खरेदीदाराच्या बिलात बेरीज म्हणून न्यायची. आम्हाला मात्र तो मोठा वाटतो. समजा, माल 10,000 रुपयांचा, अडत 6 टक्के. म्हणजे 600 रुपये शेतकऱ्याकडेच राहिले. अर्थात तीच रक्कम कोणी ‘इतर खर्च’ म्हणून पट्टीत घातली, तर संगणक तीही मुकाट्याने वजा करतो.